विश्लेषण : मुलांच्या हाती पडले तर? र. धों. कर्वे यांच्यावरील १९३४ चा खटला आज का आठवावा?

मुलांच्या पुस्तकात समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर व्यक्तिरेखा आली, शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा विषय निघाला, की पहिला आक्षेप ठरलेला असतो. हे मुलांच्या हाती पडले तर काय? हा वाद मोबाइलच्या पिढीने आणला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मराठी समाजाने तो ९० वर्षांपूर्वी न्यायालयात पाहिला आहे. आरोपी होते गणिताचे प्राध्यापक राहिलेले रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांची बाजू मांडली बॅरिस्टर भीमराव आंबेडकर यांनी. नागपूरकरांना दीक्षाभूमीवरचा १४ ऑक्टोबर हा दिवस पाठ आहे. मात्र त्याच बाबासाहेबांनी समलैंगिकतेविषयीच्या प्रश्नोत्तरांसाठी खटला लढवला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. हे कर्वे कोण होते, खटला कशामुळे झाला आणि त्याचा आजच्या मुलांच्या वाचनाशी काय संबंध, याचा हा आढावा.

र. धों. कर्वे कोण होते?

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या मुरूड येथे झाला. वडील धोंडो केशव कर्वे म्हणजेच महर्षी कर्वे. विधवांचे शिक्षण, हिंगण्याचा आश्रम आणि १९१६ मध्ये सुरू झालेले महिला विद्यापीठ ही महर्षींची ओळख आजही शाळेच्या पुस्तकात आहे. रघुनाथ हे त्यांचे थोरले चिरंजीव. आई राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ अवघे नऊ वर्षांचे होते. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्या काळी हा मोठा सामाजिक गुन्हा मानला जाई. त्याबद्दल मुरूडमध्ये कुटुंबावर बहिष्काराची वेळ आली.

म्हणजे समाजाच्या विरोधात जाण्याची किंमत काय असते, हे रघुनाथ यांनी घरातच पाहिले होते. आई बाळंतपणात जाणे ही गोष्टही त्यांच्या पुढच्या आयुष्याशी जोडून पाहिली जाते. स्त्रीने किती वेळा आणि कधी गरोदर राहायचे, हे तिच्या हातात असले पाहिजे, हाच पुढे त्यांच्या कामाचा गाभा झाला.

अभ्यासात ते हुशार होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ मध्ये ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली आणि गणित शिकवू लागले. फ्रेंच भाषा त्यांना उत्तम येत होती. पॅरिसमधील वास्तव्यात युरोपातील लैंगिक विज्ञानाचे साहित्य त्यांनी मुळातून वाचले. ज्या विषयावर मराठीत कुजबुजीपलीकडे काही नव्हते, त्यावर तिकडे डॉक्टर आणि संशोधक जाडजूड ग्रंथ लिहीत होते.

प्राध्यापकाची नोकरी का गेली?

मुंबईच्या विल्सन कॉलेजात कर्वे गणित शिकवत. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजप्रमाणेच विल्सन कॉलेजची पाळेमुळेही स्कॉटिश मिशनऱ्यांच्या कार्यात आहेत. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. भारतातले हे अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती.

१९२३ मध्ये ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे त्यांचे पुस्तक आले. कॉलेजच्या चालकांना हे काम रुचले नाही. प्रचार थांबवा किंवा नोकरी सोडा, असा पेच उभा राहिला. कर्वे यांनी नोकरी सोडली.

या निर्णयाचा भार एकट्या त्यांच्यावर पडला नाही. पत्नी मालतीबाई यांनीही तो उचलला. दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही. जे इतरांना सांगायचे ते आधी स्वतः आचरायचे, हा त्यामागचा हिशेब होता. घरात पैसा कमी, बाहेर टोमणे आणि मूल नाही म्हणून नातेवाइकांत चर्चा, अशा परिस्थितीत मालतीबाईंनी संसार चालवला.

‘समाजस्वास्थ्य’ मासिकात काय असे?

जुलै १९२७ मध्ये कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. लेखन, संपादन, मुद्रिते तपासणे, हिशेब अशी बहुतेक कामे ते स्वतः करत. खप मर्यादित होता आणि बदनामी भरपूर. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र किंवा छायाचित्र असे. शरीराची लाज बाळगण्याचे कारण नाही, हे त्यांना पहिल्या पानापासूनच सांगायचे होते. त्यामुळे अनेक घरांत हा अंक उघडपणे टेबलावर ठेवणे शक्य नव्हते.

आत मात्र चाळवणारा मजकूर शोधणाऱ्याची निराशाच होई. संततिनियमनाची साधने, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, स्त्रीचे लैंगिक सुख, विवाहसंस्था, धर्मातील अंधश्रद्धा, आहार अशा विषयांवर कोरड्या, तर्कशुद्ध भाषेतले लेख असत. गणिताच्या शिक्षकाने फळ्यावर सिद्धता मांडावी तशी ही मांडणी होती. कामवासना ही भुकेसारखीच नैसर्गिक गोष्ट आहे. ती पापही नाही आणि पुण्यही नाही. दुसऱ्याला इजा होत नसेल आणि दोघांची संमती असेल, तर समाजाने त्यात पडू नये. या सूत्रावर त्यांचे बहुतेक लेखन उभे आहे.

मासिकाचा सर्वात महत्त्वाचा भाग होता वाचकांचे प्रश्न आणि संपादकांची उत्तरे. घरात वडिलांना विचारता येत नाही, डॉक्टरकडे जायची लाज वाटते, मित्र विचारला तर चेष्टा करतात, अशा अवस्थेतली माणसे कर्वे यांना पत्र लिहीत. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, स्वप्नदोष हा आजार आहे का, समलिंगी आकर्षण वाटणे म्हणजे काय, अशा प्रश्नांना ते छापून उत्तर देत. एकाने विचारलेला प्रश्न शंभर जणांच्या मनात असतो, म्हणून खासगी उत्तर पाठवून भागत नाही, हा त्यामागचा विचार.

त्या काळातील वृत्तपत्रांत शक्तिवर्धक गोळ्या आणि धातुपौष्टिक औषधांच्या जाहिराती सर्रास येत. भीती विकली जात होती आणि त्याला कोणी अश्लील म्हणत नव्हते. ही भीती निराधार आहे, असे शास्त्राच्या आधारे सांगणारा माणूस मात्र न्यायालयात उभा राहिला.

पहिला खटला कशामुळे?

१९३१ मध्ये पुण्यातील सनातनी मंडळींच्या तक्रारीवरून कर्वे यांच्यावर पहिली कारवाई झाली. निमित्त होते व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाचे. त्यांना १०० रुपये दंड झाला. अपील केले, तेही फेटाळले गेले.

या निकालाचा अर्थ उघड होता. मासिक बंद करा किंवा विषय बदला, अशीच ती सूचना होती. कर्वे यांनी दोन्ही केले नाही. प्रश्नोत्तरांचे सदर चालू राहिले.

१९३४ च्या खटल्यात नेमके काय घडले?

फेब्रुवारी १९३४ मध्ये कर्वे यांना पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप थेट वाचकांच्या प्रश्नोत्तरांवर होता. हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांविषयी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील आहेत, असा आरोप ठेवण्यात आला.

बचावासाठी उभे राहिले डॉ. आंबेडकर. तेव्हा ते गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांमुळे देशभर माहीत झालेले नेते होते. अस्पृश्यांच्या लढ्याचे ओझे खांद्यावर होते. बदनाम मासिकाच्या संपादकाचे वकीलपत्र घेऊन त्यांना राजकीय लाभ होण्यासारखा नव्हता. उलट विरोधकांना आयते हत्यार मिळण्याची शक्यता होती. तरीही त्यांनी खटला घेतला.

२८ फेब्रुवारी ते २४ एप्रिल १९३४ या काळात हे प्रकरण चालले. आंबेडकर यांच्या युक्तिवादाचे तीन टप्पे सांगता येतात.

पहिला टप्पा : विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही. मासिक लैंगिक शिक्षणासाठीच चालवले जाते. मग त्यात लैंगिक प्रश्न येणारच.

दुसरा टप्पा : विकृत वाटणारे प्रश्न छापायचेच कशाला, या आक्षेपाला उत्तर. लोकांच्या मनात प्रश्न आहेत, म्हणून ते विचारतात. उत्तर न दिल्याने प्रश्न नाहीसा होत नाही. चुकीच्या समजुतींवर ज्ञान हाच उपाय आहे आणि ते देण्याची जबाबदारी संपादकाने घेतली आहे.

तिसरा टप्पा सर्वात धाडसी होता. समलैंगिकतेविषयी उपलब्ध असलेल्या संशोधनाचा आणि हॅवलॉक एलिस या ब्रिटिश अभ्यासकाच्या ग्रंथांचा त्यांनी आधार घेतला. काही माणसांत अशी ओढ जन्मजात असते, त्यात गैर काही नाही आणि आपल्या पद्धतीने सुखी होण्याचा हक्क त्यांनाही आहे, अशी मांडणी त्यांनी केली.

ही मांडणी किती पुढची होती, हे कायद्याकडे पाहिले की कळते. समलिंगी संबंध तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ नुसार गुन्हा होता. त्या कलमाखाली जन्मठेपेची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. म्हणजे आंबेडकर यांचा युक्तिवाद आणि तो निकाल यांत ८४ वर्षांचे अंतर आहे.

१९३४ मध्ये मात्र कर्वे हरले. त्यांना २०० रुपये दंड झाला.

‘मुलांच्या हाती पडेल’ ही कसोटी कुठून आली?

त्या काळी भारतातील न्यायालये अश्लीलता ठरवताना लंडनच्या न्यायालयाने १८६८ मध्ये घालून दिलेली ‘हिकलिन कसोटी’ वापरत. तिचा आशय सोपा आहे. एखादा मजकूर ज्यांचे मन वाईट प्रभावाला सहज बळी पडू शकते, अशा कुणाच्या हाती पडला आणि त्यामुळे ते मन बिघडण्याची शक्यता असली, तर तो मजकूर अश्लील.

या कसोटीत गोम अशी की पुस्तक कोणासाठी लिहिले आहे, त्याचा हेतू काय आहे, संपूर्ण पुस्तकात काय म्हटले आहे, याला फारसे महत्त्व उरत नाही. सर्वात कच्च्या मनाचा वाचक कल्पायचा आणि सगळ्या प्रौढांचे वाचन त्याच्या मापाने कापायचे. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर पूल किती वजन पेलतो हे न तपासता, कोणीतरी त्यावरून पडू शकेल म्हणून पूलच बांधायचा नाही, असा हा प्रकार.

यात आणखी एक गृहीतक लपलेले आहे. ज्या मुलाच्या नावाने मजकूर रोखला जातो, ते मूल स्वतः समलिंगी असू शकते, हे या कसोटीच्या गावीही नसते. समलिंगी आकर्षण ही बाहेरून, वाचून लागणारी गोष्ट आहे, असे ती धरून चालते. तसे नसते, हेच आंबेडकर न्यायालयाला सांगत होते.

भारतात हा कायदा हळूहळू बदलला. १९६९ च्या दुरुस्तीने विज्ञान, साहित्य, कला, विद्या यांच्या हितासाठी केलेल्या लेखनाला अश्लीलतेच्या कलमात स्पष्ट अपवाद मिळाला. तो अपवाद १९३४ मध्ये असता, तर कर्वे यांच्या बचावाला कायद्याचा थेट आधार मिळाला असता. हिकलिन कसोटी सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवली २०१४ मध्ये. आता मजकूर समग्रपणे आणि समकालीन समाजाच्या निकषांवर पाहिला जातो.

जगात तेव्हा काय परिस्थिती होती?

कर्वे एकटे नव्हते आणि भारतही एकटा मागासलेला नव्हता. एलिस यांच्या समलैंगिकतेवरील ग्रंथाची विक्री केल्याबद्दल १८९८ मध्ये लंडनमधील एका विक्रेत्याला न्यायालयात उभे केले गेले होते. दोन स्त्रियांच्या प्रेमावरील रॅडक्लिफ हॉल यांच्या कादंबरीवर इंग्लंडमध्ये १९२८ साली बंदी आली. बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड यांच्या लैंगिक विज्ञान संस्थेवर मे १९३३ मध्ये नाझी समर्थक विद्यार्थ्यांनी हल्ला केला आणि तिथले ग्रंथ रस्त्यावर जाळले. कर्वे यांचा खटला उभा राहिला तो त्यानंतर वर्षभराच्या आत.

भारतात, ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झाले त्याच १९२७ साली हिंदीत पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांच्या ‘चॉकलेट’ या कथासंग्रहावरून वादळ उठले होते. पुरुषांमधील संबंध वाईट ठरवण्यासाठीच त्या कथा लिहिल्याचे लेखक सांगत होते, तरी विषय काढल्याबद्दल त्यांच्यावर झोड उठली. पुढे १९४२ मध्ये इस्मत चुगताई यांची ‘लिहाफ’ ही उर्दू कथा आली आणि त्यांना अश्लीलतेच्या आरोपावरून लाहोरच्या न्यायालयात जावे लागले. त्या सुटल्या. कर्वे यांच्या वाट्याला ते आले नाही.

विदर्भाशी या वादाचा काय संबंध?

कर्वे यांचे काम मुंबईत चालले. मात्र ज्या मोठ्या वादाचा ते भाग होते, त्याचे एक केंद्र नागपूरपासून जेमतेम दोन तासांवरच्या वर्ध्याला होते. अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला येऊन महात्मा गांधी यांना भेटल्या. कृत्रिम साधने नकोत, संयम पाळावा, ही गांधीजींची भूमिका होती. ती बदलली नाही. कर्वे यांचा त्याला ठाम विरोध होता. ब्रह्मचर्याचा उपदेश सामान्य माणसाच्या उपयोगाचा नाही आणि त्याची किंमत बायकांना मोजावी लागते, असे ते मानत. गांधीजींवर उघड टीका करणे हा त्या दिवसांत आणखी काही मित्र गमावण्याचा मार्ग होता.

आंबेडकर यांनी हा विषय खटल्यापुरता ठेवला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या बाजूने ठराव मांडला. तो नामंजूर झाला. पण शरीराविषयीचे ज्ञान हा गरिबांच्या आणि स्त्रियांच्या मुक्तीचा भाग आहे, ही भूमिका त्यातून नोंदवली गेली.

कर्वे यांची शेवटची वर्षे कशी गेली?

१९३४ मध्येच त्यांचे ‘आधुनिक कामशास्त्र’ हे पुस्तक आले. दंड भरूनही त्यांनी लेखन थांबवले नव्हते, याचा हा पुरावा. १९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. त्यानंतर कर्वे जवळजवळ एकाकी झाले. मासिक मात्र चालूच राहिले.

भारत सरकारने १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. ज्या कामासाठी कर्वे यांची नोकरी गेली, ते आता सरकारी धोरण झाले होते. दुसऱ्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. नोव्हेंबर १९५३ च्या अंकानंतर ‘समाजस्वास्थ्य’ही बंद पडले. २६ वर्षांत मासिकाला दुसरा संपादक मिळाला नाही.

योगायोग असा की त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांच्या वकिलाने नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. महर्षी कर्वे मुलाच्या मृत्यूनंतर नऊ वर्षे जगले. वयाच्या शंभरीत, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळाले. वडिलांच्या नावाने रस्ते झाले. मुलाचे नाव बराच काळ फक्त अभ्यासकांना माहीत राहिले. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ हा २००१ मधील चित्रपट आणि नंतर अजित दळवी यांनी लिहिलेले, अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक यांमुळे ते पुन्हा चर्चेत आले.

आज मुलांच्या पुस्तकांत काय दिसते?

‘समाजस्वास्थ्य’ हे मुलांचे मासिक नव्हते. पण लहान वयात न मिळालेली माहिती मोठेपणी पत्रातून विचारणाऱ्यांचे ते मासिक होते. तो प्रश्न आता थेट मुलांच्या पुस्तकांपर्यंत आला आहे.

ब्रिटनमध्ये एका मुलीची आणि तिच्या दोन बाबांची साधी गोष्ट सांगणाऱ्या डॅनिश चित्रपुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९८३ मध्ये आले. त्यावरून पेटलेल्या वादाचा शेवट १९८८ च्या ‘सेक्शन २८’ या तरतुदीत झाला. स्थानिक प्रशासनाने समलैंगिकतेला उत्तेजन देऊ नये, असे ती तरतूद सांगत होती. शिक्षक त्यामुळे वर्गात या विषयावर बोलायलाच घाबरू लागले. इंग्लंडमध्ये ती रद्द व्हायला २००३ उजाडले.

भारतात २०१४ मध्ये किशोरांसाठी दोन इंग्रजी कादंबऱ्या आल्या. हिमांजली शंकर यांच्या ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’मध्ये एका शाळकरी मुलीची गोष्ट तिचे वर्गमित्र सांगतात. पायल धर यांच्या ‘स्लाइटली बर्न्ट’मध्ये मैत्री आणि समलिंगी ओळख यांची गुंतागुंत आहे. कनक शशी यांचे गुठली नावाच्या मुलीवरचे चित्रपुस्तक चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाने २०१९ मध्ये काढले. घरचे गुठलीला मुलगा समजतात, तिला मात्र फ्रॉक हवा असतो. एवढीच गोष्ट, पण चार-पाच वर्षांच्या मुलालाही कळेल अशी.

मराठीत सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये आली. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ त्याच सुमाराची. तरुण वाचक ही पुस्तके शोधून वाचतात, पण ती बालसाहित्य किंवा कुमारसाहित्य म्हणून लिहिलेली नाहीत. चौथी-पाचवीतल्या किंवा नववी-दहावीतल्या मराठी मुलासाठी हे कपाट अजून जवळपास रिकामे आहे.

शाळेचा मार्गही खडतर आहे. २००७ मध्ये लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विरोधामुळे अडला. २०२१ मध्ये एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका तयार केली. तक्रार होताच काही दिवसांत ती संकेतस्थळावरून काढली गेली. ती मुलांसाठी नव्हती, शिक्षकांसाठी होती. तरीही आक्षेप तोच होता : मुलांवर परिणाम होईल.

पालकांची काळजी चुकीची आहे का?

नाही. कोणत्या वयात काय सांगायचे, हा खरा प्रश्न आहे आणि तो विचारण्याचा पालकांना अधिकार आहे. पाच वर्षांच्या मुलाला द्यायचे उत्तर आणि पंधरा वर्षांच्या मुलाला द्यायचे उत्तर वेगळेच असणार. पण कधी आणि कसे सांगायचे, हा एक वाद. सांगायचेच नाही, हा दुसरा. कर्वे यांना दंड झाला तो दुसऱ्या प्रकारच्या विचारातून.

दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. आज नागपुरातल्या नववीतल्या मुलाला आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत असे जाणवले, तर तो मासिकाला पत्र लिहीत नाही. तो मोबाइलवर शोधतो. तिथे त्याला अश्लील व्हिडीओ मिळतो, टिंगल मिळते, उपचाराने बरे करतो म्हणणारा भोंदू मिळतो. धातुपौष्टिक औषधांच्या जाहिरातींची जागा आता रील्सनी घेतली आहे. त्याच्या भाषेत, त्याच्या वयाला झेपेल असे, शांतपणे लिहिलेले पान मिळणे अवघड आहे. न सांगितल्याने त्याचे संरक्षण होत नाही. तो फक्त चुकीच्या माणसाच्या तावडीत सापडतो.

कर्वे यांच्या मर्यादा कोणत्या?

कर्वे यांना आजच्या अर्थाने एलजीबीटीक्यू हक्कांचे कार्यकर्ते म्हणणे बरोबर होणार नाही. त्यांचे मुख्य काम संततिनियमन आणि स्त्रीचे लैंगिक स्वातंत्र्य हे होते. समलैंगिकता हा त्यांच्यापुढे आलेल्या अनेक प्रश्नांपैकी एक. त्यांची शब्दसंपत्ती त्या काळातल्या लैंगिक विज्ञानाची होती. त्या विज्ञानातल्या अनेक गोष्टी आता मागे पडल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढले तेच मुळी १९९० मध्ये. स्वभाव फटकळ, भाषा तडजोड न करणारी. त्यामुळे जे पटवून घेऊ शकले असते, तेही काही जण दूर गेले. मुखपृष्ठावरच्या चित्रांनी मासिक घराघरांत पोहोचण्यात अडथळाच आणला, असेही म्हणता येईल.

तरीही एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. विचारलेल्या प्रश्नाला न हसता, न रागावता, जेवढे ठाऊक आहे तेवढे खरे उत्तर देणे. त्यासाठी त्यांनी नोकरी घालवली, दोनदा दंड भरला आणि सदर चालू ठेवले.

पुढे काय?

कर्वे यांचे लेखन आता संपादित खंडांच्या रूपात उपलब्ध आहे. त्यांची चरित्रेही मराठीत आहेत. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांची प्रचंड विक्री होते. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे मुलांसाठी पुस्तके घेऊन घरी परततात. बाबासाहेबांनी लढलेला आणि हरलेला हा खटला मुलांना समजेल अशा सोप्या मराठीत कोणी लिहिला, तर तिथे त्यालाही जागा आहे. कायद्याने वाट मोकळी केली आहे. आता लेखक, प्रकाशक आणि शाळांच्या ग्रंथपालांनी ते रिकामे कपाट भरायचे आहे.